मुलावर बोली लागते म्हणजे काय?

न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत ऑस्ट्रेलियातील फुटबॉलपटूंच्या निवडीवर लेख पाहून काही सभासद बंधुभगिनींना आश्चर्य वाटेल. संपादक मंडळाने मजकडे मागितला होता तो बडोद्यातील जुन्या वाड्यांवरील लेख. तो पुढेमागे लिहीनच. परंतु गेल्या दिवाळीत एक प्रसंग असा घडला की, हा विषय आपल्या घरांपासून वाटतो तितका दूर नाही अशी माझी खात्री झाली.

रावपुऱ्यात आमच्या शेजारी एक काकू राहतात. त्यांची कन्या व जावई मेलबर्नला स्थायिक झाले आहेत आणि तेरा वर्षांचा नातू तेथील एका फुटबॉल क्लबच्या अकादमीत दाखल झाला आहे. फोनवर मुलीने कौतुकाने सांगितले की, पोराचे नशीब उघडले तर अठराव्या वर्षी त्याच्यावर बोली लागेल. काकू त्याच पावली आमच्याकडे आल्या. "अहो भाऊ, बोली गुरांच्या बाजारात लागते. पोराला खेळायला पाठवले की विकायला?" मी त्यांना चहा घ्यायला बसवले, पण त्या वेळी मला स्वतःलाही नीटसे सांगता येईना. पुढे काही दिवस त्या विषयाचा पिच्छा पुरवला. त्यातून जे उमगले ते येथे मांडतो.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. मेलबर्नमध्ये फुटबॉल म्हटले की आपल्या ओळखीचा गोल चेंडूचा खेळ डोळ्यांपुढे आणू नये. चेंडू लंबगोल, मैदान क्रिकेटचे असते तसे अंडाकृती, एकेका बाजूस १८ गडी. चेंडू हातात धरता येतो, पण फेकता येत नाही. एका हातावर ठेवून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारावा लागतो किंवा पायाने उडवावा लागतो. या खेळाच्या सर्वोच्च स्पर्धेत १८ क्लब आहेत.

आपल्याकडे खेळाडूवर बोली म्हटली की आयपीएलचा लिलाव आठवतो. २०२४ च्या नोव्हेंबरात जेद्दा येथे ऋषभ पंतवर २७ कोटी रुपयांची बोली लागली, ती पैशाची होती. ऑस्ट्रेलियातील नवख्या मुलांच्या निवडीत असा पैसा मुळीच नसतो. खेळाडूंवर क्लबने एकंदर किती खर्च करावा याला मर्यादा आहे आणि नव्या मुलांचे मानधन ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे मिळते. दरवर्षी नोव्हेंबरात सर्व क्लब एकत्र येतात आणि पाळीपाळीने एकेका मुलाचे नाव पुकारतात. याला तेथे ड्राफ्ट म्हणतात. ही पद्धत १९८६ पासून सुरू आहे. पहिली पाळी कोणाची? जो क्लब त्या वर्षी सर्वांत खाली राहिला त्याची. विजेत्याची पाळी शेवटी. पंगतीत ज्याच्या पानावर काही पडले नाही त्याला आधी वाढावे, असा हा न्याय आहे. यात मुलाला क्लब निवडता येत नाही. ज्याने नाव पुकारले त्याच्याकडे जायचे, मग तो क्लब देशाच्या दुसऱ्या टोकाला का असेना.

या नियमाला दोन ठळक अपवाद आहेत, आणि बोली जन्माला येते ती या अपवादांमुळे.

एक अपवाद घराण्याचा. ज्याच्या वडिलांनी एखाद्या क्लबकडून किमान १०० सामने खेळले असतील, त्या मुलावर त्या क्लबचा पहिला हक्क. पीटर डेकॉस कॉलिंगवूडकडून २५० सामने खेळले. २०२१ मध्ये त्यांचा मुलगा निक कॉलिंगवूडलाच मिळाला. वतनदारीची आठवण करून देणारा हा नियम लोकशाही देशात टिकून आहे याचे मला हसू येते. पण तेथील लोकांना तो प्राणप्रिय आहे.

दुसरा अपवाद अकादमीचा, म्हणजे आपल्या विषयाचा. न्यू साउथ वेल्स व क्वीन्सलंड या प्रांतांत रग्बीचे वेड मोठे. तेथील चपळ पोर या फुटबॉलकडे वळावे कसे? म्हणून २०१० च्या सुमारास सिडनी, ब्रिस्बेन, गोल्ड कोस्ट आणि ग्रेटर वेस्टर्न सिडनी या चार क्लबांना आपापल्या भागात अकादमी चालवण्यास सांगण्यात आले. स्वतःच्या खर्चाने बारा-तेरा वर्षांच्या मुलांना शिकवायचे, आणि मोबदला म्हणून त्या मुलांवर पहिला हक्क मिळवायचा. २०१६ पासून इतर क्लबांनाही वेगळ्या प्रकारच्या अकादम्या मिळाल्या. त्या मूळ रहिवासी समाजातील आणि बाहेरून आलेल्या कुटुंबांतील मुलांसाठी आहेत. आईवडिलांपैकी कोणी आशियात वा आफ्रिकेत जन्मलेले असेल तर ते मूल यात बसते. काकूंची कन्या येथे बडोद्यात जन्मली, म्हणून नातवाला तेथे दार उघडले.

आता पहिला हक्क खरा, पण तो किती किमतीला? तालमीच्या वस्तादाने पोराला पाच वर्षे घडवले, तर त्याचा काही अधिकार आहे हे कोणीही मान्य करील. पण तो पोर साऱ्या देशात पहिल्या दोन-तिनांत असेल आणि वस्तादाची पाळी अठरावी असेल, तर? नेमके असेच झाले. २०१४ मध्ये न्यूकॅसल भागातील आयझॅक हीनी हा त्या वर्षीच्या सर्वोत्तम मुलांत गणला जात होता. सिडनीने तो अठराव्या पाळीवर घेतला. सिडनीचा संघ त्या वर्षी अंतिम सामना खेळलेला. बाकीच्या क्लबांनी ओरड केली आणि २०१५ पासून आजची बोलीची पद्धत आली.

ती अशी. प्रत्येक पाळीला गुण ठरवून दिले. २०१५ च्या कोष्टकात पहिल्या पाळीचे ३००० गुण, दुसरीचे २५१७, तिसरीचे २२३४, दहावीचे १३९५, आणि असे उतरत उतरत ७३ व्या पाळीपर्यंत. आता एखाद्या क्लबची पाळी आली आणि त्याने दुसऱ्याच्या अकादमीतील मुलाचे नाव पुकारले, तर ती झाली बोली. ज्याची अकादमी त्या क्लबला काही मिनिटे मिळतात. त्याने "घेतो" म्हटले तर त्या पाळीचे गुण त्याने आपल्या पुढील पाळ्यांतून भरायचे, मुलगा त्याचा. "नको" म्हटले तर बोली लावणाऱ्याला तो मुलगा घ्यावाच लागतो. ही मेख महत्त्वाची आहे. दुसऱ्याला खड्ड्यात घालण्यासाठी उगाच आवाज चढवता येत नाही. उलटले तर पोर आपल्याच गळ्यात. आयपीएलमध्ये जुन्या संघाला शेवटच्या रकमेशी बरोबरी करून आपला खेळाडू राखण्याची जी मुभा दिली जाते, तिच्याशी याचे नाते आहे. फरक एवढाच की येथे रुपयांच्या जागी पाळ्या मोजाव्या लागतात.

२०१५ चेच उदाहरण घेऊ. तिसऱ्या पाळीला मेलबर्न क्लबने सिडनीच्या अकादमीतील कॅलम मिल्सचे नाव पुकारले. सिडनीने बरोबरी केली. किंमत २२३४ गुण. पण पहिल्या फेरीतील बोलीवर अकादमीच्या क्लबला २० टक्के सूट होती, म्हणून प्रत्यक्षात १७८७. हे गुण भरायचे कसे? समजा एखाद्या क्लबाजवळ ३३, ३६, ३७ आणि ४४ या पाळ्या आहेत. पहिल्या तिघींचे गुण अनुक्रमे ५६३, ५०२ आणि ४८३; एकूण १५४८. त्या तिन्ही खर्ची पडल्या. उरले २३९. चव्वेचाळिसावीचे ३६२, त्यातून २३९ वजा जाता १२३ उरतात. कोष्टकात १२३ गुण बासष्टाव्या पाळीला आहेत, म्हणून ती पाळी नाहीशी न होता मागे सरकून तेथे जाऊन बसते. सगळे देऊनही गुण कमी पडले, तर तूट पुढच्या वर्षीच्या पाळीतून कापली जाते. किराणा दुकानातील उधारीच्या वहीपेक्षा हे फार निराळे नाही.

मेलबर्नचे काय झाले? मिल्स गेला, ते एका पायरीने खाली सरकले आणि चौथ्या क्रमांकावर त्यांनी क्लेटन ऑलिव्हरला घेतले. पुढे मिल्स सिडनीचा कर्णधार झाला, आणि २०२१ साली मेलबर्नने अजिंक्यपद मिळवले त्यात ऑलिव्हरचा वाटा मोठा होता. तेव्हा बोली हुकली म्हणजे नशीब फुटले असे नव्हे.

हिशेब चोख दिसतो, परंतु चतुर कारभाऱ्यांनी त्यातील फट लवकरच शोधली. चांगली एक पाळी दुसऱ्याला देऊन तिच्या बदल्यात मागच्या चार-पाच पाळ्या घ्यायच्या, आणि ही चिल्लर मोजून देशातील अव्वल मुलगा घरी आणायचा. २०२३ मध्ये गोल्ड कोस्टने पहिल्या एकाच फेरीत आपल्या अकादमीतील चार मुले अशी मिळवली. त्या क्लबची मला दया येते, कारण २०११ मध्ये स्पर्धेत आल्यापासून २०२५ पर्यंत त्याला एकदाही शेवटच्या बाद फेरीचे तोंड पाहता आले नव्हते. पण २०२४ मध्ये ब्रिस्बेन नुकतेच अजिंक्य ठरलेले असताना, वडिलांच्या हक्काने, पाचव्या पाळीवरचा लीव्हाय अ‍ॅशक्रॉफ्ट त्यांच्याच पदरात पडला. थोरला भाऊ विल तेथे आधीच होता. पंगतीत आधी उपाशाला वाढायचे हा मूळ न्याय मग कोठे राहिला? २०२५ पासून सूट २० वरून १० टक्क्यांवर आणली गेली आणि चोपन्नाव्या पाळीपुढील पाळ्यांना गुणच उरले नाहीत. माझ्या मते हे योग्य झाले. ज्याने घडवले त्याला पहिला हक्क असावा. पण पहिला हक्क आणि स्वस्त भाव या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दहा टक्केही का, असे विचारणारे तेथे आहेत, आणि मला त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ वाटत नाही.

काकूंच्या नातवाला लागू पडतात त्या दुसऱ्या प्रकारच्या अकादम्यांचा इतिहास मात्र अधिक धरसोडीचा आहे. २०२० मध्ये जमारा उगल-हेगन या मुलावर अ‍ॅडलेडने थेट पहिल्या पाळीला बोली लावली. तो वेस्टर्न बुलडॉग्जच्या अकादमीतला. त्यांनी ३००० ऐवजी २४०० गुण भरून त्याला राखले. देशातील पहिल्या क्रमांकाचा मुलगा असा पाळीबाहेर गेल्यावर नियम आवळला गेला. २०२१ साली पहिल्या २० पाळ्यांत, आणि पुढे २०२२ पासून पहिल्या ४० पाळ्यांत, या अकादम्यांच्या मुलांवर बोली लागली तर मूळ क्लबने बरोबरी करायचीच नाही. २०२४ मध्ये हे बंधन उठले, आणि त्याच वर्षी एसेंडनने आपल्या अकादमीतील आयझॅक काको याला तेराव्या पाळीवर राखले.

मधल्या काळात जे सापडले त्यांत मॅक अँड्र्यू हा मुलगा होता. दक्षिण सुदानी कुटुंबातला, मेलबर्नमध्ये वाढलेला, मेलबर्न क्लबच्याच अकादमीत शिकलेला. २०२१ मध्ये गोल्ड कोस्टने त्याचे नाव पाचव्या पाळीला पुकारले. एका वर्षापूर्वी असते तर त्याच्या क्लबने निदान गुण मोजून पाहिले असते. त्या वर्षी मोजण्याची परवानगीच नव्हती. अठरा वर्षांचा मुलगा घर सोडून गेला. तेथे त्याचे उत्तम चालले आहे हे सांगितले पाहिजे.

हे सारे मी काकूंना एका संध्याकाळी कागदावर आकडे मांडून समजावले. बोली पोरावर नसते, पाळीवर असते; पैशाचा व्यवहार नाही; तुमच्या घरातून कोणी काही मागणार नाही आणि कोणी काही देणारही नाही. देशभरातून वर्षाला साठ-सत्तरच मुले या निवडीत घेतली जातात, तेव्हा आजच पेढ्यांची चिंता नको, हेही सांगितले. नातवाला अजून पाच वर्षे आहेत आणि तोवर कोष्टक पुन्हा बदलणार नाही याची हमी कोणी देऊ नये. काकूंनी गुणांचा कागद बाजूला सरकवला. २४०० आणि १७८७ यांत त्यांना रस नव्हता. गोल्ड कोस्ट मेलबर्नहून किती लांब, एवढेच त्यांनी विचारले. हजार किलोमीटरांहून अधिक, असे मी सांगितल्यावर त्यांनी मुलीला फोन लावून द्यायला सांगितला.