गुऱ्हाळ : कोल्हापूर परिसरातील हिवाळी हंगाम

उसाचा रस काढून व तो आटवून गूळ तयार करण्याच्या जागेस गुऱ्हाळ म्हणतात. त्या हंगामी उद्योगासही हेच नाव रूढ आहे. कोल्हापूर जिल्ह्यात कुंभी, कासारी, तुळशी व भोगावती या नद्यांच्या आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या पंचगंगेच्या काठी हा उद्योग जुना आहे. दिवाळीच्या सुमारास चुलाणे पेटतात व हंगाम साधारणपणे मार्चपर्यंत चालतो.

हंगाम हिवाळ्यातच येण्यास कारणे आहेत. थंड रात्री व कोरडी हवा यांमुळे उसाची वाढ मंदावते आणि कांड्यांत साखर साठते. रसाखाली जाळावयाची चिपाडे उन्हात वाळवावी लागतात व तयार गूळ दमट हवेत पाघळतो, म्हणून पावसाळा या कामास निरुपयोगी असतो. शिवाय पावसात चिखलाने भरलेल्या पाणंदी कार्तिकानंतरच गाड्यांना मोकळ्या होतात. सह्याद्रीतील घाटमार्गांनी देशावरचा माल राजापूरसारख्या कोकणातील बंदरांकडे जाई, तोही पाऊस ओसरल्यावरच. १८९१ मध्ये कोल्हापूर–मिरज लोहमार्ग सुरू झाल्यावर गुळाच्या दूरच्या वाहतुकीची सोय झाली. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसविलेल्या शाहूपुरीमुळे गुळाच्या व्यापारास स्थिर पेठ मिळाली. गुजरात हे या गुळाचे मोठे गिऱ्हाईक होय.

गुऱ्हाळातील मुख्य कारागीर म्हणजे गुळव्या. घाण्यातून आलेला रस गाळून काहिलीत घेतात. तो तापू लागताच रानभेंडीचा चिकट रस घालतात व वर येणारी मळी झाऱ्याने काढून टाकतात. सुमारे १०५° से. तापमानाच्या आसपास रसाची काकवी होते. गुळासाठी तो सुमारे ११८° से. पर्यंत आटवावा लागतो. गुळव्या सहसा तापमापक वापरत नाही. पाकाचा थेंब गार पाण्यात सोडून त्याची गोळी कशी वळते, हे तो बोटांनी पाहतो. क्षणभर उशीर झाला, तर गूळ करपतो. घाई झाली, तर तो बसत नाही. नंतर पाक वाफ्यात ओतून घोटतात व साच्यांत भरतात. कोल्हापुराकडे गुळाच्या ढेपेस रवा म्हणतात. १०० किग्रॅ. उसापासून साधारणपणे १० ते १२ किग्रॅ. गूळ मिळतो.

हिवाळ्यात गुऱ्हाळास भेट देणे हा या भागातील जिव्हाळ्याचा प्रघात आहे. आलेल्या माणसास, मग तो ओळखीचा असो वा वाटसरू, ताजा रस आणि उसाच्या कांडीवर किंवा पानावर गरम गूळ द्यावा, अशी रीत आहे. सोबत भाजलेले शेंगदाणे असतात. घरी नेलेली काकवी भाकरीशी वा चपातीशी खातात, तर संक्रांतीच्या तिळगुळास व गुळाच्या पोळीस नवा गूळच लागतो. रसाची चव त्याच दिवशी घ्यावी लागते, कारण तो काही तासांतच आंबू लागतो. म्हणून या खाद्यासाठी माणसालाच शेतापर्यंत जावे लागते. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात असेच घडते. तेथे हिवाळा संपताना लोक मॅपल वृक्षांच्या रानातील रसशाळांकडे जातात व गरम पाक बर्फावर ओतून त्याची कांडी करून खातात. सुमारे ४० लि. मॅपल रसापासून १ लि. पाक होतो; त्या मानाने ऊस उदारच म्हणावा.

गुऱ्हाळांपुढील खरी अडचण रंगाची आहे. बाजारात पिवळाधमक गूळ उजवा ठरतो, म्हणून पाकात सोडियम हायड्रोसल्फाइट (‘हायड्रॉस’) घालण्याची प्रथा पडली. त्याने आलेली चमक टिकाऊ नसते. साठवणीत गूळ पुन्हा काळवंडतो व गंधकाचे अंश मात्र मागे राहतात. चांगल्या उसाचा, नीट मळी काढलेला गूळ तांबूस सोनेरी असतो, पण तो सौद्यात मागे पडतो. खाणाऱ्याची ही आवड गुळव्याच्या कौशल्यावर अन्याय करणारी आहे. कोल्हापुरातील प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्राने रसायनविरहित गुळाचा पुरस्कार केला असून गुळासाठी को ९२००५ ही जात उपयुक्त ठरली आहे. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळास भौगोलिक मानांकन मिळाले.

तरीही गुऱ्हाळांची संख्या बरीच घटली आहे. साखर कारखान्यांना उसासाठी किमान दर द्यावा लागतो व तो २००९ पासून ‘रास्त व किफायतशीर दर’ या नावाने ठरतो. गुळाचा भाव मात्र रोजच्या सौद्यावर अवलंबून असल्याने शेतकरी ऊस कारखान्यास देणे पसंत करतो. कुशल गुळवेही कमी होत आहेत. उरलेल्यांपैकी काही गुऱ्हाळे लहान वड्या, गूळ भुकटी व बाटलीबंद काकवी यांकडे वळली असून थेट शेतावर येणाऱ्या ग्राहकांना ती माल विकतात.