स्वमग्न मुलांचे पालक आणि पर्यायी उपचार : सिक्रेटिन प्रकरणाच्या संदर्भात एक विवेचन

सारांश : स्वमग्नतेचे निदान झालेल्या मुलांचे अनेक पालक जीवनसत्त्वे, विशेष आहार, पूरके व अन्य पर्यायी उपचारांकडे वळतात. या वर्तनाकडे केवळ अज्ञान म्हणून पाहणे अपुरे आहे. पालकांना प्रामाणिकपणे जाणवलेली सुधारणा आणि औषधाचा प्रत्यक्ष परिणाम या दोन भिन्न गोष्टी कशा असू शकतात, हे अमेरिकेतील सिक्रेटिन या संप्रेरकाच्या प्रकरणाआधारे स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

बीजशब्द : स्वमग्नता, पालक, पूरके, पर्यायी उपचार, सिक्रेटिन, प्लासिबो.

१. प्रास्ताविक

स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम ही मेंदूच्या विकासाशी संबंधित आजीवन अवस्था होय. सामाजिक देवाणघेवाण व संवाद यांतील अडचणी, त्याच त्या कृतींची पुनरावृत्ती, मर्यादित आवडी आणि आवाज, स्पर्श, प्रकाश यांना मिळणारा वेगळा प्रतिसाद ही तिची प्रमुख लक्षणे आहेत. १९४३ मध्ये लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाने ११ मुलांच्या निरीक्षणावरून तिचे वर्णन प्रसिद्ध केले. भारतात १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तिचा अंतर्भाव झाला आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील दिव्यांगत्वाच्या सूचीतही तिला स्थान मिळाले.

कायद्याने दखल घेतली, तरी स्वमग्नता बरी करणारे औषध नाही. वाचा-उपचार, व्यवसायोपचार, वर्तनाधारित आणि शैक्षणिक प्रशिक्षण हे उपयुक्त मार्ग आहेत. परंतु ते संथ, श्रमाचे व खर्चाचे आहेत आणि त्यांचे फळ प्रत्येक मुलात सारखे नसते. तीन वर्षांचे मूल हाकेला ओ देत नाही, नजरेला नजर देत नाही, अशा वेळी ‘औषध नाही’ हे तज्ज्ञाचे उत्तर पालकांच्या मनात पोकळी निर्माण करते. ती भरून काढण्यासाठी कोणी ना कोणी पुढे येतोच. म्हणून पालक तिकडे का वळतात, यापेक्षा वळल्यानंतर त्यांना सुधारणा का दिसते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

२. पालकांच्या अविश्वासाची पार्श्वभूमी

पर्यायी उपचारांचे आकर्षण समजून घेण्यासाठी एक ऐतिहासिक अन्याय लक्षात घ्यावा लागतो. विसाव्या शतकाच्या मध्यास पाश्चात्त्य देशांत, आईच्या मायेच्या अभावामुळे मूल स्वमग्न होते, असे मानणारा मतप्रवाह प्रबळ होता. ब्रुनो बेटेलहाइम यांच्या १९६७ च्या ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ या ग्रंथाने हे मत लोकप्रिय केले. आधीच खचलेल्या मातांवर अपराधाचे ओझे लादले गेले.

या मताला सबळ आव्हान दिले ते बर्नार्ड रिमलँड यांनी. ते स्वतः मानसशास्त्रज्ञ आणि एका स्वमग्न मुलाचे वडील होते. १९६४ च्या ‘इन्फन्टाइल ऑटिझम’ या ग्रंथात त्यांनी स्वमग्नतेचे मूळ संगोपनात नसून जैविक घटकांत आहे, अशी मांडणी केली. पुढील संशोधनाने त्यांची ही भूमिका योग्य ठरवली. तज्ज्ञ चुकले होते आणि एक पालक बरोबर होता, ही घटना पालक-चळवळीच्या स्मृतीत कायमची कोरली गेली.

मात्र याच रिमलँड यांनी पुढे ब-६ जीवनसत्त्व व मॅग्नेशियमच्या मोठ्या मात्रांचा पुरस्कार केला. त्यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेने १९९५ पासून जैववैद्यकीय उपचारांचा प्रसार करणारी चळवळ उभी केली. एका प्रश्नावर तज्ज्ञांच्या विरोधात बरोबर ठरलेली व्यक्ती प्रत्येक प्रश्नावर बरोबर ठरतेच असे नाही, हे येथे दिसून येते.

३. सिक्रेटिन : आशा आणि कसोटी

सिक्रेटिन हे लहान आतड्याच्या आरंभीच्या भागातून स्रवणारे संप्रेरक. १९०२ मध्ये बेलिस व स्टार्लिंग या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी ते शोधले. शोधले गेलेले हे पहिले संप्रेरक मानले जाते. ते स्वादुपिंडास पाचक द्राव सोडण्यास उद्युक्त करते. त्यामुळे स्वादुपिंडाच्या तपासणीसाठी त्याचे इंजेक्शन वापरले जाई. स्वमग्नतेशी त्याचा काही संबंध आहे, असे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

१९९८ मध्ये अमेरिकेतील मेरिलँड येथील डॉक्टरांनी तीन मुलांविषयीचे निरीक्षण प्रसिद्ध केले. पोटाच्या तक्रारींसाठी तपासणी करताना या मुलांना सिक्रेटिन देण्यात आले होते आणि त्यानंतर त्यांच्या नजरेत, सावधपणात व बोलण्यात सुधारणा झाल्याचे नोंदवले गेले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये हा विषय अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर आला आणि मागणीचा लोंढा उसळला. औषधाचा साठा अपुरा पडू लागला व पालकांनी त्यासाठी मोठ्या रकमा मोजल्या. निरीक्षण केवळ तीन मुलांचे होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

शास्त्रीय कसोटी १९९९ मध्ये झाली. सँडलर व सहकाऱ्यांनी ६० मुलांची चाचणी घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने मुलांचे दोन गट करण्यात आले. एका गटास सिक्रेटिनची एक मात्रा, तर दुसऱ्यास केवळ मिठाचे पाणी, म्हणजे प्लासिबो देण्यात आला. कोणास काय दिले, हे पालकांना माहीत नव्हते आणि मूल्यमापन करणाऱ्यांनाही माहीत नव्हते. चार आठवड्यांच्या निरीक्षणानंतर सिक्रेटिन हे मिठाच्या पाण्यापेक्षा सरस ठरले नाही. विशेष म्हणजे सुधारणा दोन्ही गटांत नोंदवली गेली होती.

याहून बोलका भाग पुढेच आहे. निष्कर्ष सांगितल्यानंतरही ६९ टक्के पालकांनी सिक्रेटिनमध्ये आपल्याला अद्याप रस असल्याचे सांगितले. पुढील काळात आणखी चाचण्या झाल्या. २०१२ च्या कॉक्रेन समीक्षेने ९०० हून अधिक मुलांचा सहभाग असलेल्या १६ यादृच्छिक चाचण्या एकत्रितपणे तपासल्या आणि सिक्रेटिनच्या उपयुक्ततेचा पुरावा नाही, असा निर्वाळा दिला.

४. सुधारणा का दिसते?

मिठाच्या पाण्यानेही सुधारणा दिसत असेल, तर पालक खोटे बोलत होते काय? मुळीच नाही. त्यांना दिसलेला बदल बहुधा खराच होता. त्याचे कारण मात्र दुसरे होते. अशी कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(अ) नैसर्गिक विकास : स्वमग्न मुलाचा विकास थांबलेला नसतो. तो वेगळ्या गतीने व टप्प्याटप्प्याने चालू असतो. औषध सुरू केल्यानंतर उच्चारलेला पहिला शब्द औषधाविनाही त्याच सुमारास उमटला असता, ही शक्यता नाकारता येत नाही.

(आ) चढउतार : झोप, चिडचिड, हट्ट यांत सतत चढउतार होतात. पालक नवा उपाय शोधतात तो बहुधा सर्वांत वाईट काळात. आणि वाईट काळानंतर काहीसा बरा काळ येणे स्वाभाविक असते.

(इ) समांतर प्रयत्न : गोळी सुरू असतानाच वाचा-उपचार, शाळा व घरचे प्रशिक्षणही चालू असते. श्रेय मात्र नव्याने आलेल्या गोळीकडे जाते.

(ई) अपेक्षा : आशा असली म्हणजे पालक मुलाकडे अधिक बारकाईने पाहतात, अधिक बोलतात व अधिक धीराने वागतात. एरवी निसटणारी नजर आता टिपली जाते. इतकेच नव्हे, तर पालकांच्या बदललेल्या वागण्याला मूलही प्रतिसाद देते.

या घटकांचे बळ किती असते, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिटॅलोप्रॅमच्या चाचणीवरून कळते. १४९ मुलांच्या या चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ३३ टक्के, तर प्लासिबो घेणाऱ्यांपैकी सुमारे ३४ टक्के मुलांत लक्षणीय सुधारणा नोंदवली गेली. तुलनागट नसता तर ‘दर तीन मुलांपैकी एकास गुण’ अशी जाहिरात सहज करता आली असती.

५. आहार व पूरके : उपयोग आणि मर्यादा

सर्व पूरकांना एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे. झोप लागण्यातील अडचणींवर मेलाटोनिन उपयुक्त असल्याचा चांगला पुरावा आहे. परंतु तो झोपेपुरताच मर्यादित आहे. अनेक स्वमग्न मुले मोजकेच पदार्थ खातात. त्यांच्यात लोह वा ड जीवनसत्त्वाची कमतरता तपासणीत आढळल्यास ती भरून काढणे आवश्यकच असते. मात्र येथे उपचार कमतरतेवर होतो, स्वमग्नतेवर नव्हे. याउलट ब-६ जीवनसत्त्व दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतल्यास चेतातंतूंना इजा होऊ शकते. जीवनसत्त्व आहे म्हणून ते कितीही घेतले तरी अपायकारक नाही, हा समज चुकीचा आहे.

ग्लुटेन व केसीनविरहित आहार, म्हणजे गहू व दूध वर्ज्य करणारा आहार, हा पालकांत विशेष प्रचलित आहे. २००६ मध्ये एल्डर व सहकाऱ्यांनी १५ मुलांवर केलेल्या दुहेरी अंध चाचणीत मापनांमध्ये अर्थपूर्ण फरक आढळला नाही. काही पालकांना मात्र सुधारणा जाणवली होती. महाराष्ट्रातील कुटुंबास ज्वारी, बाजरी वा नाचणीची भाकरी असल्यामुळे गहू टाळणे तुलनेने सोपे जाते. परंतु दूध, दही, ताक व पनीर एकदम बंद केल्यास कॅल्शियम व प्रथिनांची तूट संभवते. शिवाय जे मूल मोजून चार पदार्थ खाते, त्याच्या ताटातील दोन काढून घेणे ही साधी गोष्ट नाही. असा आहार करावयाचाच झाल्यास आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करणे इष्ट.

६. ‘करून पाहण्यात काय जाते?’

हा युक्तिवाद नेहमी केला जातो; परंतु चिलेशनच्या उदाहरणाने त्याचे उत्तर मिळते. शरीरातील जड धातूंना बांधून लघवीवाटे बाहेर टाकणारी ही औषधे शिशाच्या विषबाधेवर वापरली जातात. लसींतील पाऱ्यामुळे स्वमग्नता येते, या सिद्ध न झालेल्या समजातून ती स्वमग्न मुलांना दिली जाऊ लागली. ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात एका पाच वर्षांच्या स्वमग्न मुलाचा अशा उपचारादरम्यान मृत्यू झाला. शिरेतून दिलेल्या औषधामुळे त्याच्या रक्तातील कॅल्शियम घातक पातळीपर्यंत खाली गेले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने चिलेशनची नियोजित चाचणीही २००८ मध्ये रद्द केली.

भारतात मूलपेशींच्या उपचाराबाबत असाच प्रश्न उभा राहिला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी रक्तनिर्मितीशी संबंधित मान्यताप्राप्त उपचार वगळता मूलपेशींचा वापर केवळ मंजूर चाचण्यांपुरता मर्यादित केला. चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून शुल्क घेता येत नाही, ही बाब पालकांपर्यंत पोहोचणे आवश्यक आहे.

शारीरिक अपाय झाला नाही, तरी पैसा व वेळ खर्च होतोच. मुलाच्या बालपणातील जी वर्षे व कुटुंबाची जी मिळकत प्रशिक्षणावर खर्च व्हावयाची, ती अन्यत्र जाते.

७. मार्गदर्शकाची भूमिका

महाविद्यालयीन अध्यापक, विशेषतः शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र व समाजकार्य या विषयांचे, हे भावी शिक्षक आणि समुपदेशक घडवतात. पालकांना दोष न देता त्यांच्या हाती प्रश्न देणे, हे कौशल्य विद्यार्थ्यांना शिकवता येते. हे प्रश्न साधे आहेत : या उपायाची तुलना प्लासिबोशी झाली आहे काय? सांगणारा आणि विकणारा एकच आहे काय? एकाच उपायाने अनेक असंबद्ध आजार बरे होतात, असा दावा आहे काय? अपाय कोणते? चालू प्रशिक्षण बंद करावे लागेल काय?

तरीही पालकांनी एखादा निरुपद्रवी उपाय करून पाहावयाचे ठरवले, तर तो बालरोगतज्ज्ञास सांगून करावा, एका वेळी एकच बदल करावा, काय बदलणे अपेक्षित आहे ते आधी लिहून ठेवावे, मुदत ठरवावी आणि शाळेतील शिक्षकांना न सांगता त्यांच्याकडून नोंदी घ्याव्यात. अशा नोंदी म्हणजे पूर्ण शास्त्रीय चाचणी नव्हे; परंतु आशेच्या भरात होणारी दिशाभूल त्यामुळे कमी होते. पालक औषधे लपवू लागले, तर मात्र मुलाचा धोका वाढतो. म्हणून उपहास टाळणे हा सौजन्याइतकाच मुलाच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

८. समारोप

एकेकाळी तज्ज्ञांनी पालकांना दोषी ठरवले आणि पालकांनी तज्ज्ञांवरील विश्वास गमावला. सिक्रेटिनचे प्रकरण याच दुराव्यात घडले. पालकांचे निरीक्षण मौल्यवान असते. मूल बदलले, हे त्यांच्याइतके कोणालाच कळत नाही. मात्र ते कशामुळे बदलले, हे एकट्या निरीक्षणाने कळू शकत नाही. त्यासाठी तुलनाच करावी लागते. मिठाचे पाणी मिळालेल्या गटातही मुले पुढे गेली होती, ही गोष्ट निराशाजनक वाटली, तरी तीत एक दिलासाही आहे. मुलांची वाढ चालूच होती आणि तिच्याकडे पाहणारे डोळे सजग होते. त्या सजगतेला योग्य दिशा देणे, हेच शिक्षक व समुपदेशक यांचे कार्य होय.