सोळा वर्षांनी आलेला खेळ

बँकेतून निवृत्त झालेला, चार-दोन कादंबऱ्या नावावर असलेला माणूस रात्री नऊ वाजता संगणकावर मेंढ्या गोळा करीत बसतो, हे शेजारीपाजारी सांगण्यासारखे नाही. पण वाचकांपासून काय लपवायचे? खेळाचे नाव ‘एज ऑफ एम्पायर्स’, भाग चौथा.

दुसरा भाग १९९९ चा. कर्ज काढून घेतलेल्या आमच्या पहिल्या संगणकात तो कधी शिरला ते मला कळलेच नाही. कळले तेव्हा मार्च २००१ होता. मुलाची दहावी आणि माझे इयर-एंडिंग एकदमच आलेले. रात्री दहाला घरी आलो तर पडद्यावर घोडेस्वार दौडत होते. मी सीडी काढली आणि मोडून टाकली. तो काही बोलला नाही. पुढे त्याविषयी आम्ही दोघेही कधी बोललो नाही.

तिसरा भाग २००५ मध्ये आला. खेळ घडवणारी ‘एन्सेम्बल’ संस्था २००९ मध्ये बंद पडली. ‘रेलिक’ या कॅनडातल्या कंपनीने केलेला चौथा भाग अवतरला तो २८ ऑक्टोबर २०२१ ला. तोवर चिरंजीव टोरांटोत स्थायिक झालेले. दिवाळीच्या फोनवर म्हणाला, “बाबा, तुम्हीही घ्या. मिळून खेळू.”

खेळ सांगायला सोपा. हाती सहा गावकरी. त्यांनी अन्न, लाकूड, सोने, दगड जमवायचे, त्यातून घरे, सैन्य, किल्ले उभारायचे. बुद्धिबळासारखी पाळी नाही. तुम्ही विचार करीत असता तेव्हा शत्रू काम करीत असतो. रिकामा उभा गावकरी म्हणजे बिनव्याजी पडून राहिलेली रक्कम, हे मला पहिल्याच दिवशी उमगले.

यातले मोठे यश म्हणजे प्रत्येक सत्तेला दिलेला स्वभाव. मंगोल आपल्या इमारती गाडीवर लादून दुसरीकडे हलवतात. दिल्लीच्या सल्तनतीला नवी विद्या फुकट मिळते, पण वेळ फार लागतो. मशिदीत विद्वान बसवले की वेग वाढतो. इंग्रज गावकऱ्यांची भाषासुद्धा युगागणिक बदलते. दुसऱ्या भागात दगडी तट नुसता आडवा उभा असे. आता सैनिक त्यावर चढून लढतात. आणि मधल्या चित्रफिती! आजच्या इंग्लंडातल्या हिरव्या माळावर १०६६ चे हेस्टिंग्जचे योद्धे सोनेरी रेषांनी उमटतात, तेव्हा मी खेळणे विसरून बघतच राहिलो.

मुलाच्या तक्रारी वेगळ्या. सैनिक खेळण्यातल्यासारखे भडक, रणांगण वरून पाहायला पुरेशी उंची नाही, स्वतःचे नकाशे करण्याची सोय आरंभी नव्हतीच. माझे दुखणे निराळे. आरंभी मोहिमा चार होत्या: नॉर्मन, शतवार्षिक युद्ध, मंगोल आणि मॉस्को. आरंभीच्या आठ सत्तांमध्ये दिल्ली होती, पण दिल्लीची मोहीम नव्हती. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी थेट आपल्या दौलताबादेस आणली. याहून मोठे कथानक कुणाला कुठे मिळणार होते?

आणखी एक. जुन्या खेळात शेत संपायचे, पुन्हा लाकूड खर्चून पेरावे लागायचे. इथे एकदा ७५ लाकूड मोजले की शेत अमर. पीककर्जाच्या टेबलावर सहा वर्षे काढलेल्या माणसाला हे कसे पटावे?

दोन महिन्यांत मुलगा दुसऱ्या भागाकडे परतला. तो २०१९ मध्ये नव्याने सजवून निघाला होता. “चौथा चांगला आहे हो,” म्हणाला, “पण मी वाट पाहत होतो तो हा नाही.” तरीही रविवारी, माझी रात्र नि त्याची सकाळ असताना, माझ्यासाठी चौथा लावतो.

असाच एकदा खेळता खेळता मी म्हटले, “ती सीडी मी मोडायला नको होती.”

कानातल्या यंत्रात थोडा वेळ फक्त कुऱ्हाडींचे आवाज.

“मित्राची होती ती. खाऊच्या पैशांतून भरून दिली,” तो म्हणाला. “बाबा, तुमचे तीन गावकरी रिकामे उभे आहेत.”