भुकेल्या समुद्राचा निळा रंग

ग्रीसच्या मिलोस बेटाच्या नैऋत्य टोकाला क्लेफ्टिको नावाची जागा आहे. तिथवर डांबरी रस्ता जात नाही. सेंट जॉनच्या मठापासून तासभर उन्हातून पायी उतरायचं, नाहीतर सकाळी अडामास बंदरातून सुटणारी नाव धरायची आणि पश्चिम किनाऱ्याला वळसा घालून पोचायचं. पांढरेशुभ्र कडे, पाण्यातून थेट वर आलेले सुळके, लाटांनी पोखरलेल्या कमानी आणि गुहा, आणि मधेमधे वाळूचे एवढेएवढेसे तुकडे. एकेकाळी चाचे इथं दडून बसत. आता दिवसापुरती पोहायला आलेली माणसं असतात आणि उन्हं कलली की तीही परततात. दुकान नाही, छत्री नाही, प्यायचं पाणी आपलं आपण न्यायचं.

नाव थांबते, नांगर पडतो आणि सहज खाली पाहिलं की माणूस बघतच राहतो. नांगराची साखळी शेवटच्या कडीपर्यंत दिसते, नांगर वाळूत कसा रुतला तेही दिसतं. नावेची सावली तळावर पडलेली असते आणि तिच्या कडा स्पष्ट असतात. कोकणच्या समुद्रात बहुतेक जागी गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तरी स्वतःची पावलं दिसत नाहीत, त्यामुळे मराठी डोळ्यांना हे खरंच वाटत नाही.

पाणी किती नितळ आहे ते मोजायची एक साधी रीत आहे. १८६५ साली आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरूंनी, जे मोठे खगोलशास्त्रज्ञही होते, पोपच्या जहाजावरून याच भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या दोरीनं खाली सोडल्या आणि त्या किती खोलीवर दिसेनाशा होतात ते टिपलं. आजही समुद्र आणि तलाव तपासणारे लोक ‘सेक्की तबकडी’ वापरतात. पूर्व भूमध्यात, किनाऱ्यापासून दूर, ही तबकडी तीस-चाळीस मीटरपर्यंत दिसत राहते. दहा मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली अंगणात ठेवलेली ताटली दिसावी, तसं.

एवढं नितळ पाणी कशामुळे? या पाण्यात खायला फार थोडं आहे, म्हणून.

भूमध्य समुद्रात पाऊस आणि नद्या मिळून जेवढं पाणी पडतं, त्यापेक्षा जास्त पाणी उन्हानं वाफ होऊन उडून जातं. ही तूट अटलांटिक भरून काढतो. जिब्राल्टरच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून, जी सर्वात अरुंद जागी जेमतेम चौदा किलोमीटर आहे, अटलांटिकचं पाणी सतत आत येतं. पण येतं ते वरच्या थरातलं. त्या थरातली फॉस्फेट-नायट्रेटसारखी खतं तिथल्या सूक्ष्म वनस्पतींनी आधीच वापरून संपवलेली असतात. हे अर्धपोटी पाणी पूर्वेकडे सरकताना आणखी रिकामं आणि आणखी खारट होत जातं. अटलांटिकमध्ये हजार भागांत पस्तीस-छत्तीस भाग मीठ, तर मिलोसच्या आसपास एकोणचाळीसच्या घरात. वरच्या उजेडात जे काही जगतं ते मरून खाली बसतं, त्याच्याबरोबर खतही खाली जातं. हे खोल, खारट आणि त्यातल्या त्यात खतानं भरलेलं पाणी पुन्हा जिब्राल्टरच्याच तळाशी, आत येणाऱ्या प्रवाहाच्या खालून, बाहेर अटलांटिकमध्ये निघून जातं. म्हणजे दारातून उपाशी पाणी आत येतं आणि जेवण बाहेर जातं, हे हजारो वर्षं चालू आहे. प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, कमी, म्हणून प्रकाश अडवायला पाण्यात काही नाही. आपण ज्याच्यावर भाळतो ती या समुद्राची भूक आहे.

अरबी समुद्राचं गणित याच्या उलट आहे. पावसाळ्यात वारा आणि प्रवाह मिळून खोलचं खतावलेलं पाणी वर आणतात, खाड्या गाळ ओततात, प्लवक माजतं आणि त्यावर तारली, बांगडे पोसले जातात. आपल्या किनाऱ्याच्या गढूळपणात शहरांनी सोडलेली घाण आहेच आणि तिला माफी नाही. पण त्या घाणीच्या आधीही हा समुद्र गढूळच होता, कारण तो भरलेला होता. ग्रीक बेटांच्या चित्रांशी तुलना करून कोकणाला नाक मुरडणाऱ्या प्रत्येकाला हे सांगावंसं वाटतं.

नितळपणाचं कारण कळलं, तरी निळा रंग उरतोच. इथं गोष्ट थेट मुंबईच्या बंदराशी येऊन मिळते. समुद्राचा गडद निळा म्हणजे पाण्यात पडलेलं आकाशाचं प्रतिबिंब, असं ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचं मत होतं आणि ते मान्य झालेलं होतं. १९२१ च्या उन्हाळ्यात भौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर व्यंकट रामन पहिल्यांदाच युरोपला गेले आणि वाटेत भूमध्य समुद्राच्या निळ्या रंगानं त्यांना झपाटलं. परतताना ‘नारकुंडा’ जहाजाच्या डेकवर त्यांच्याजवळ एक निकोल प्रिझम होता. ठरावीक कोनातून या प्रिझममधून पाहिलं तर पाण्यावरून परावर्तित होणारा आकाशाचा उजेड गाळून टाकता येतो. रामननी तो गाळला. निळा रंग नाहीसा व्हायला हवा होता. तो आणखी गहिरा झाला. पाण्याचे रेणू स्वतःच प्रकाश विखुरतात हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी ‘नेचर’ला पत्र लिहिलं आणि त्यावर ठिकाण घातलं: ‘एस. एस. नारकुंडा, मुंबई बंदर’. या प्रश्नाचा पाठलाग करतच ते २८ फेब्रुवारी १९२८ च्या ‘रामन परिणामा’च्या शोधापर्यंत आणि १९३० च्या नोबेलपर्यंत पोचले.

आज आपण त्यात एवढीच भर घालतो की पाणी प्रकाशातला तांबडा भाग शोषून घेतं, त्यामुळे परत येणाऱ्या उजेडात निळा उरतो. क्लेफ्टिकोला पाण्याखाली पांढरा तळ आहे. उथळ जागी तळावरून उजेड परततो, तेव्हा पाणी मोरपंखी दिसतं. चार हात पलीकडे तळ खोल गेला की गडद निळं. मधेच काळपट ठिगळं दिसतात. ते शेवाळ नव्हे. पोसिडोनिया नावाचं ते समुद्रातलं गवत आहे, मुळं, पानं, फुलं असलेलं. या उपाशी समुद्रात माशांची पिल्लं वाढतात ती त्याच्या आडोशाला. हिवाळ्यात त्याची वाळलेली पानं किनाऱ्यावर ढीग घालतात आणि वादळी लाटांपासून वाळू राखतात. ढीग दिसायला बरा नसतो, पण तो उचलून टाकला की वाळूचं संरक्षण जातं.

आता डोकं वर करून कड्यांकडे पाहू. आफ्रिकेचं भूकवच ग्रीसच्या खाली घुसत आहे आणि त्यामुळे एजियन समुद्राच्या दक्षिणेला ज्वालामुखींची एक कमान उभी राहिली आहे: मेथाना, मिलोस, सान्तोरिनी, निसिरोस. मिलोस गेल्या सुमारे तीस लाख वर्षांत थर चढत चढत घडलं. क्लेफ्टिकोचे पांढरे कडे ज्वालामुखीच्या राखेचे आणि फेसाळ दगडाचे आहेत. मऊ असल्यामुळे लाटांना ते सहज कोरता येतात, म्हणून इतक्या कमानी. बेटाखालची धग अजून विझलेली नाही. दक्षिणेच्या पालिओखोरी किनाऱ्यावर वाळू काही जागी पायाला पोळते आणि समुद्राच्या तळातून वायूचे बुडबुडे येत राहतात.

याच आगीनं मिलोसला एक काळी काच दिली. लाव्हा इतक्या लवकर थिजला की स्फटिक बनायला सवडच मिळाली नाही, आणि ऑब्सिडियन तयार झालं. फोडलं की पात्यासारखी धार. पेलोपोनीजमधल्या फ्रांख्थी गुहेत, शेतीच्याही आधीच्या थरांत, निदान ११,००० वर्षांपूर्वीचे मिलोसच्या ऑब्सिडियनचे तुकडे सापडले. ते मिलोसचेच हे कसं कळलं? प्रत्येक ज्वालामुखीच्या काचेत बेरियम, झिर्कोनियमसारख्या मूलद्रव्यांचं प्रमाण वेगवेगळं असतं, आणि १९६० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ कॉलिन रेन्फ्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावरून दगडाचं गाव ओळखायची पद्धत बसवली. त्या तुकड्यांच्या काळी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा बरीच खाली होती, तरी मिलोस बेटच होतं. म्हणजे शिकार करून आणि कंदमुळं वेचून जगणारी माणसं, कुठल्या तरी होडक्यातून, उघडा समुद्र ओलांडून इथं येत होती आणि दगड घेऊन परतत होती. होडकी सापडलेली नाहीत. दगडानंच ती असल्याची साक्ष दिली. या बेटानं १८२० साली लूव्र संग्रहालयातली व्हीनसची जगप्रसिद्ध मूर्ती दिली, पण माझ्या लेखी ही काळी कपची तिच्याहून मोठी आहे.

नाव अडामासला परतताना क्लिमा गाव दिसतं. समुद्रालगत मऊ खडकात होड्यांसाठी कोरलेल्या खोल्या, त्यांना ‘सिर्माता’ म्हणतात. तांबडे, निळे, हिरवे दरवाजे थेट पाण्यावर उघडतात, वर माणसांचं घर. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार मीटरांहून जास्त फरक पडतो. असं दार तिथं दिवसातून दोनदा बुडालं असतं. एजियनमध्ये हा फरक साधारण वीतभर. एवढा छोटा बंदिस्त समुद्र चंद्राच्या ओढीनं फारसा फुगत नाही आणि महासागराची भरती जिब्राल्टरच्या फटीतून आत येऊ शकत नाही.

वाऱ्याचं मात्र तसं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये इथं उत्तरेकडून मेल्टेमी वाहतो, दिवसेंदिवस, लख्ख निरभ्र आकाशाखाली. जोर फार वाढला की नावा बंदरातच राहतात. बाल्कनवर हवेचा दाब जास्त आणि तुर्कस्तानावर कमी, म्हणून तो वाहतो. आणि तो कमी दाबाचा पट्टा पुढे इराणमार्गे थेट आपल्या मान्सूनच्या कमी दाबाला जोडलेला असतो. शिवाय भारतीय उपखंडावर आणि बंगालच्या उपसागरावर ढग बनताना जी प्रचंड उष्णता मोकळी होते, तिच्या परिणामानं पूर्व भूमध्यावरची हवा खाली दाबली जाते. खाली उतरणाऱ्या हवेत ढग टिकत नाहीत. सह्याद्रीत मुसळधार पाऊस कोसळत असतो, तेव्हा क्लेफ्टिकोवरचं ते कोरडं निळं आकाश काही अंशी त्याच पावसाच्या यंत्रणेनं धरून ठेवलेलं असतं.

सप्टेंबरच्या मध्यावर मान्सून राजस्थानातून माघारी फिरू लागतो, तसा तिकडे मेल्टेमीही ओसरतो. पाणी उन्हाळाभर तापून अजून ऊबदार असतं आणि गर्दी पांगलेली असते. जायचं तर तेव्हा जावं.