वत्सगुल्माची शैक्षणिक सहल

हिंगोलीच्या उत्तरेस रेल्वेमार्गावर असलेले वाशीम हेच प्राचीन वत्सगुल्म होय. चौथ्या शतकात वाकाटक राजा पहिला प्रवरसेन याच्यानंतर राज्याचे विभाग झाले, तेव्हा त्याचा पुत्र सर्वसेन याने येथे राजधानी स्थापिली. सर्वसेन स्वतः कवी असून त्याने ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचिले होते.

वाशीमला गेल्यावर विद्यार्थी पहिला प्रश्न विचारतात तो हा, की राजवाडा कोठे आहे? शिक्षकांनी स्पष्ट सांगावे, की वाकाटकांचा राजवाडा आज उभा नाही. तेथील बालाजीचे मंदिर १८ व्या शतकातील आहे. ते वाकाटकांचे म्हणून दाखवू नये. मग येथे राजधानी होती हे कशावरून? या प्रश्नाचे उत्तर शोधणे हाच सहलीचा खरा हेतू समजावा.

पहिला पुरावा ताम्रपटाचा. १९३९ मध्ये वाशीम येथे सर्वसेनाचा पुत्र दुसरा विंध्यशक्ती याचा दानलेख उजेडात आला. राजाच्या कारकीर्दीच्या ३७ व्या वर्षी वत्सगुल्माहून दिलेल्या या लेखाचा काही भाग संस्कृतात व काही प्राकृतात आहे. त्यातील दान दिलेले गाव नांदिकट विभागात होते, आणि नांदिकट म्हणजे नांदेड असे संशोधक मानतात. नकाशा उघडून विद्यार्थ्यांस वाशीम व नांदेड दाखवावे. आपला जिल्हा या दोहोंच्या मध्ये आहे, हे त्यांचे त्यांनाच उमगेल.

दुसरा पुरावा वाशीमजवळील हिस्से-बोराळा येथील शिलालेखाचा. देवसेन राजाच्या काळी, शके ३८० म्हणजे इ. स. ४५८ च्या सुमारास, तेथे सुदर्शन नावाचा तलाव बांधला गेला, असे त्यावरून कळते.

तिसरा पुरावा दूर अजिंठ्यास आहे. देवसेनाचा पुत्र हरिषेण याचा सचिव वराहदेव याने तेथील १६ वे लेणे कोरवून बौद्ध भिक्षुसंघास अर्पण केले. त्या लेण्यातील शिलालेखात वाकाटकांची वंशावळ दिली आहे. वाकाटक राजे वैदिक यज्ञ करणारे होते. तथापि त्यांच्या सचिवाने बौद्ध विहार उभारावा यात कोणास बाध वाटला नाही. म्हणून वत्सगुल्माचे बौद्ध वैभव पाहावयाचे, तर ते अजिंठ्यासच पाहिले पाहिजे. त्यासाठी वेगळी सहल योजावी.

सहलीहून परतल्यावर एक गोष्ट वर्गात अवश्य सांगावी. वाशीमचा तो ताम्रपट कोणी तांब्याच्या भावाने मोडीत घातला असता, तर त्या दानाची व नांदिकटाची वार्ता कायमची बुडाली असती. शेत नांगरताना किंवा विहीर खणताना अक्षरे असलेला पत्रा, नाणी वा कोरीव दगड सापडल्यास तो घासू नये, विकू नये, शाळेत कळवावे. शिक्षकांनी ती माहिती तहसील कार्यालयामार्फत जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी. भूमीत सापडलेल्या निधीची वर्दी देणे हे १८७८ च्या कायद्यानेही बंधनकारक आहे. आपल्या गावाचे प्राचीन नाव कदाचित अशाच एखाद्या पत्र्यावर कोरलेले असेल.