कचऱ्याची वेस

इसवी सन १८५० मध्ये कंपनी सरकारने नगरव्यवस्थेसंबंधी जो सव्विसावा कायदा केला, त्यातील एक तरतूद मला वारंवार विचारास प्रवृत्त करीत आली आहे. ती अशी की, रहिवाशांनी स्वतः होऊन सरकारकडे इच्छा प्रकट केल्यावाचून कोणत्याही गावास नगरपालिका मिळत नसे. या कायद्याच्या अमदानीत कल्याणास १८५५ साली आणि ठाण्यास १८६३ साली नगरपालिका लाभली. बोरीबंदराहून निघालेली आगगाडी १८५३ च्या १६ एप्रिलला ठाण्यास पोहोचली होती आणि पुढल्या वर्षी ती कल्याणपर्यंत गेली; म्हणजे रूळ आणि नगरपालिका या दोन्ही गोष्टी आमच्या मुलखात एकामागोमाग आल्या. रस्ते झाडले जावेत, गटारे वाहती राहावीत, विहिरींचे पाणी नासू नये, अंधाऱ्या नाक्यावर दिवा लागावा, एवढ्यासाठी घरपट्टी भरण्याचे त्या पिढीने कबूल केले. त्या संमतीत कितीजण मनापासून सामील होते आणि कलेक्टराच्या भिडेखातर कितीजणांनी मान डोलावली, हा प्रश्न बाजूस ठेवला तरी कायद्याच्या अक्षरात एक गोष्ट स्पष्ट होती: गावची घाण हा गावाचा स्वतःचा विषय आहे. ही कबुली कल्याण, डोंबिवली आणि ठाणे या आमच्या तीन शहरांतून कसकशी निसटत गेली, ते आठवण्याचा हा प्रयत्न आहे.

माझे बालपण डोंबिवलीतील एका वाडीत गेले. विहीर, तिच्याभोवती चार बिऱ्हाडे, मागे आळू आणि केळी, आणि त्या केळींच्या पलीकडे उकिरडा. त्या उकिरड्यात जाऊन पडावे असे घरात फारसे काही निघतच नसे, हे आज सांगितले तर माझ्या नातवंडांना खरे वाटत नाही. वाण्याकडून येणारी साखर वर्तमानपत्राच्या पुडीत येई. तो कागद इस्त्री केल्यासारखा सरळ करून फळीवर अंथरला जाई आणि पुडीचा दोरा आई एका गुंड्याला गुंडाळून ठेवी. नारळाच्या करवंट्या व शेंड्या बंबात जात, बंबातली राख भांडी घासण्यास लागे, आणि भांड्यांचे ते पाणी आळवाला. सरकारी केंद्रावरचे दूध काचेच्या बाटलीतून मिळे. रिकामी बाटली परत केल्यावाचून भरलेली हाती पडत नसे, हा नियम कोणासही जाचक वाटला नाही. पहाटे दाराच्या कडीला अडकवलेली फुलपुडी पानात बांधलेली असे, आणि दुसऱ्या दिवशी ते निर्माल्य त्या पानासकट तुळशीच्या किंवा केळीच्या बुंध्याशी ठेवले की चार दिवसांत त्याची माती होई. या साऱ्यास कोणी पर्यावरण म्हणत नसे. ती काटकसर होती, आणि काटकसरीच्या पोटी आलेली स्वच्छता होती.

परंतु या चित्राच्या मागच्या बाजूस एक गल्ली होती, आणि तिचा उल्लेख टाळून केलेले स्मरण अप्रामाणिक ठरेल. घरांच्या पाठीमागून जाणाऱ्या त्या अरुंद बोळात टोपलीच्या संडासांची लहान लोखंडी दारे उघडत, आणि पहाटे, आम्ही उठण्यापूर्वी, काही माणसे आमचा मैला डोक्यावरून वाहून नेत. त्यांची नावे आम्हांस ठाऊक नसत. त्यांची वस्ती गावाच्या कडेला होती. आणि आपल्या अंगणातून नाहीशी झालेली घाण कोणाच्या तरी डोक्यावरून कोठे तरी जाते, हे जाणून घेण्याची गरज आम्हांस शिकवलीच गेली नव्हती. हा व्यवहार ज्यांनी असह्य मानला अशी माणसे महाराष्ट्रात झाली. कीर्तनापूर्वी गाव झाडणारे गाडगेबाबा सर्वांस माहीत आहेत. पण कोकणचे अप्पासाहेब पटवर्धन यांचे स्मरण आता क्वचितच होते. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात, मैला काढण्याचे काम आपणांस करू द्यावे एवढ्या मागणीसाठी त्या ब्राह्मण सत्याग्रह्याने अन्नत्याग केला, आणि ती वार्ता येरवड्यात पोहोचल्यावर गांधीजींनीही सहानुभूतीने उपवास आरंभिला. हातात झाडू घेणे हा हक्क म्हणून मागावा लागला, यावरून तो झाडू आपण किती कडेकोट बंदोबस्ताने एका जातीकडे सोपवून ठेवला होता याची कल्पना येते. डोक्यावरून मैला वाहण्यास बंदी घालणारा कायदा व्हावयास १९९३ साल उजाडावे लागले. टोपल्या गेल्या, बोळ बुजले. परंतु आपली घाण उचलणारा कोणी तरी दुसरा असतो आणि ती जाते ते ठिकाण कोणाचे नसते, ही वृत्ती त्या बोळातून निघून आमच्या नव्या इमारतींत बिनबोभाट राहावयास आली. पुढील पन्नास वर्षांची हकिगत बहुतांशी या वृत्तीची हकिगत आहे, असे माझे मत झाले आहे.

१९८२ च्या १ ऑक्टोबरला ठाणे महानगरपालिका झाली आणि बरोबर एका वर्षाने कल्याण-डोंबिवलीची. वाड्या पडून त्यांच्या जागी चार मजली इमारती उभ्या राहत होत्या, मुंबईतील जागा न परवडणारी कुटुंबे दर आठवड्यास सामान घेऊन उतरत होती, आणि काचेच्या बाटलीची जागा दुधाच्या पिशवीने घेतली होती. पुडीचा कागद जाऊन पातळ प्लास्टिक आले. ते बंबात जाळता येईना, केळीला घालता येईना, आणि घरी केळही उरली नव्हती. रस्त्याच्या कोपऱ्यावर पालिकेने कुंड्या ठेवल्या. या कुंडीने घरोघरच्या माणसास एक मोठी सवलत दिली, जिची किंमत फार उशिरा कळली: आपला कचरा कोणता, हे ओळखण्याची आवश्यकताच संपली. पिशवीस गाठ मारावी, जाता जाता कुंडीच्या दिशेने टाकावी, ती आत पडली की बाहेर हे वळून पाहू नये. कुंडीभोवती कुत्री, गाई आणि कचरा वेचणाऱ्या बायका जमत. त्यांतील शेवटच्यांचे उपकार नगराने कधी मोजले नाहीत. वास्तविक काच, पत्रा, पुठ्ठा वेगळा करण्याचे जे काम शास्त्रोक्त म्हणून आज आम्हांस शिकविले जाते, ते त्या उघड्या हातांनी कितीतरी वर्षे करीत होत्या.

कुंडीतून निघालेला कचरा कल्याणात आधारवाडीस जाई. लालचौकीच्या पुढे, खाडीच्या बाजूस, एके काळी सखल असलेल्या त्या जमिनीवर वर्षामागून वर्षे थर चढत गेले आणि तेथे एक टेकडी तयार झाली, जिला गावाने 'डम्पिंग' असे परके नाव दिले; उकिरडा या शब्दात जी ओळख आहे ती या ढिगास देणे कोणाच्या जिवावर आले असावे. उन्हाळा आला की डम्पिंग पेटे. कुजणाऱ्या कचऱ्याच्या पोटात साठलेला वायू धुमसू लागला म्हणजे वरून कितीही पाणी मारले तरी आतली आग विझत नाही, आणि तो धूर रात्रभर भोवतालच्या घरांत शिरतो. त्या भागात राहणारे माझे एक आप्त खिडक्यांच्या फटींत ओल्या चिंध्या कोंबून झोपत असत. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात अल्मित्रा पटेल यांनी दाखल केलेल्या याचिकेतून पुढे २००० साली घनकचऱ्याचे नियम निघाले. ओला आणि सुका कचरा वेगवेगळा असावा, उघड्यावर ढीग रचू नयेत, हे सारे त्यांत लिहिलेले होते. दप्तरी ते नियम पोहोचले, आधारवाडीस पोहोचले नाहीत.

याच काळात ठाण्यात टी. चंद्रशेखर हे आयुक्त होऊन गेले. रस्ते रुंद झाले, अतिक्रमणे हटली, आणि शिस्त म्हणून काही असू शकते याचा प्रत्यय नागरिकांस आला. ठाणेकर आजही त्यांचे नाव आदराने घेतात, आणि मीही घेतो. तथापि त्या आदरात एक दुबळेपण दडलेले आहे असे मला वाटते. एका अधिकाऱ्याच्या धाकाने नगर स्वच्छ राहावे आणि त्याची बदली होताच पूर्वपदावर यावे, हे अधिकाऱ्यास भूषणावह असेल, नगरास नाही.

२००५ सालच्या २६ जुलैला पाणी आले. उल्हास आणि वालधुनी या दोन्ही नद्या पात्र सोडून घरांत शिरल्या, आणि पाणी ओसरल्यावर गटारांच्या तोंडाशी, कुंपणांच्या तारांवर, झाडांच्या डहाळ्यांवर ज्या पिशव्या लोंबत राहिल्या, त्या आम्हीच निरनिराळ्या दिवशी निरनिराळ्या कोपऱ्यांवर टाकलेल्या होत्या. अतिवृष्टी दैवी होती. तुंबलेली गटारे दैवी नव्हती. पिशव्यांवर निर्बंध आले, सैल पडले, आणि २०१८ च्या जूनपासून राज्यभर प्लास्टिकबंदीचा अंमल सुरू झाला. भाजीवाल्याच्या पाटीखालून पिशवी मागून घेणारे हात मात्र आमचेच राहिले.

२०१५ च्या एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जो हुकूम दिला, तो या मागोव्यातील मध्यवर्ती प्रसंग होय. कचऱ्याची विल्हेवाट लावण्याची तजवीज होईपर्यंत कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांस परवानगी देऊ नये, असे न्यायालयाने बजावले. सुमारे वर्षभर ही बंदी टिकली. २०११ च्या जनगणनेत साडेबारा लाखांच्या घरात गेलेले नगर, आणि त्यात आणखी एक घर बांधण्यापूर्वी त्या घरातून निघणारा कचरा जाईल कोठे, हा सरळ प्रश्न कोणी तरी अधिकाराने विचारला होता. गृहिणी जो प्रश्न पाहुणा येण्यापूर्वी विचारते, तो विचारण्यास आम्हांस न्यायासन लागले! पुढल्या वर्षी स्वच्छ सर्वेक्षणात ७३ शहरांची क्रमवारी प्रसिद्ध झाली. ठाणे सतरावे होते, कल्याण-डोंबिवली चौसष्टावे. डोंबिवलीत या अंकाची फार चर्चा झाली आणि दोष महापालिकेस देण्यात आला. तो दोष खोटा नव्हता, अपुरा होता. व्याख्यानमाला, नाट्यसंगीत, फडके रोडवरची दिवाळी पहाट यांचा सार्थ अभिमान बाळगणारे माझे गाव, आपल्या जिन्याखालच्या डब्यात काय पडते याची विचारपूस करीत नव्हते.

२०२० सालच्या मे महिन्यात, टाळेबंदीच्या त्या विलक्षण दिवसांत, महापालिकेने शून्य कचरा मोहीम आरंभिली. उपायुक्त रामदास कोकरे हे पूर्वी वेंगुर्ल्यास मुख्याधिकारी होते, आणि तेथील कचराभूमीचे रूपांतर त्यांनी लोकांनी मुद्दाम पाहावयास जावे अशा स्थळात केले होते. त्यांनी येथे एकच गोष्ट नेटाने धरली: मिसळलेला कचरा उचलला जाणार नाही. प्रथम काहूर उठले. आमच्या सोसायटीच्या सभेत चांगली सुशिक्षित माणसे, आम्ही कर भरतो तो कशासाठी, असे तावातावाने विचारीत होती. आणि पहिल्या आठवड्यात घंटागाडीवरच्या बाईने आमच्या मजल्याची बादली तशीच परत ठेवली, तेव्हा तिच्यावर ओरडणाऱ्यांत मीही होतो, हे येथे नमूद केले पाहिजे. तिने शांतपणे झाकण उघडून दाखवले. भाताच्या शितांत एक फुटलेला काचेचा पेला होता. "हात आमचा जातो आत, काका," एवढेच ती म्हणाली. त्या दिवसापासून आमच्या घरात दोन बादल्या आहेत. २०२१ च्या मे महिन्यात आधारवाडीस कचरा टाकणे बंद झाले, आणि कित्येक वर्षांत प्रथमच त्या आप्तांनी चिंध्या काढून खिडक्या उघडल्या.

ठाण्याची कथा निराळ्या वाटेने गेली. तेथील कचरा दिव्यास जात असे. दिवा हे त्याच महापालिकेच्या हद्दीतील गाव. मुंबईत आणि ठाण्यात घर घेणे ज्यांच्या आवाक्याबाहेर होते अशा कोकणातल्या कुटुंबांनी तेथे बिऱ्हाडे थाटली, आणि ज्या शहरात ते धुणीभांडी, शिपाईगिरी, कारकुनी करावयास जात, त्या शहराचा कचरा त्यांच्या मागोमाग दिव्यास येई. २०२३ च्या जानेवारीअखेरीस ती कचराभूमी बंद झाली. तो आनंद दिवेकरांचा होता आणि तो योग्यच होता; परंतु कचरा नाहीसा झाला नव्हता. तो भंडार्लीस निघाला, तेथील ग्रामस्थांनी विरोध केला, आणि पुढे भिवंडी तालुक्यातील आतकोलीचे नाव घेतले जाऊ लागले. पूर्वी गावाच्या कडेला एक वस्ती होती. आता त्या वस्तीच्या जागी एकामागून एक गावे येतात. नगर वाढते तशी वेस पुढे सरकते, आणि वेशीपलीकडे दर वेळी कोणाचे तरी अंगण निघते.

याच नगरांत उलट दिशेने जाणारी माणसेही आहेत. ठाण्याने विसर्जनासाठी कृत्रिम तलाव केले, मासुंदा तलावाच्या पाण्यावरचा भार हलका केला; निर्माल्याचे खत करण्याचे काम समर्थ भारत व्यासपीठासारख्या संस्थेने हाती घेतले; डोंबिवलीत ऊर्जा फाउंडेशनच्या स्त्रिया घरोघरचे प्लास्टिक धुऊन, सुकवून गोळा करण्याची सवय लोकांस लावीत आहेत. हे काम दिसावयास फार लहान आहे. परंतु माझ्या आईच्या दोऱ्याच्या गुंड्याशी त्याचे नाते लागते, म्हणून ते मला फार मोलाचे वाटते.

गेल्या श्रावणात मी दुपारच्या गाडीने डोंबिवलीहून ठाण्यास निघालो होतो. कळवा सुटले, खाडीचा पूल जवळ आला, तसा समोरच्या बाकावरचा एक तरुण गृहस्थ उठून दाराशी गेला. त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती, आणि तिच्यातून झेंडूची फुले, बेलाची पाने दिसत होती. पुलावर गाडी येताच पिशवी पाण्यात सोडावयाची, हा त्या मार्गावरचा फार जुना परिपाठ आहे. मी त्याच्यामागे जाऊन उभा राहिलो आणि हात पुढे केला.

"द्या माझ्याकडे. तलावपाळीला निर्माल्य कलश आहे, मी तिकडेच चाललोय."

तो संकोचला. "आईने खाडीतच सोडायला सांगितलंय, काका."

"आईंना सांगा, मातीला मिळालं."

खाली पाणी लागले, गाडीचा आवाज बदलला. तो क्षणभर पाण्याकडे पाहत राहिला. मग त्याने पिशवीची गाठ सोडून पाहिली, तीत पाण्याची एक रिकामी बाटली होती ती काढून आपल्या पाठीवरच्या पिशवीत टाकली, आणि निर्माल्य माझ्या हाती दिले.