पहाटे पोटात दुखलं तर

रात्रीच्या विजेवर उसाला पाणी देऊन माणूस घरी येतो, जमिनीवरच अंथरूण टाकून झोपतो. पहाटे पोटात कळ येते, मळमळतं, पापण्या जड होतात. घरातलं पोरगं फोनवर ‘पोटदुखीवर उपाय’ शोधतं. ओवा, सोडा, पित्ताची गोळी अशी उत्तरं भराभर समोर येतात. साध्या पोटदुखीसाठी ती वाईटही नाहीत. पण जुन्नर-आंबेगावात, पावसाळ्यात, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या बाबतीत आधी मण्यारीचा संशय यायला हवा. तिचा दंश फारसा दुखत नाही, सूज येत नाही, दातांची खूण दिसेलच असं नाही. पुढे गिळता येईनासं होतं आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात. अशा वेळी शोधण्याचं कसब असूनही माणूस जाऊ शकतो, कारण विचारलेला प्रश्नच चुकलेला असतो.

इंटरनेटवरची आरोग्याची माहिती शोधणं, पारखणं आणि वापरणं ही क्षमता मोजायला जगभर ‘ई-हील्स’ नावाची प्रश्नावली वापरतात. कॅनडातल्या कॅमेरॉन नॉर्मन आणि हार्वी स्किनर यांनी ती २००६ साली मांडली. विधानं आठ. ‘माहिती कुठे मिळते हे मला ठाऊक आहे’, ‘चांगली माहिती कोणती आणि वाईट कोणती हे मला ओळखता येतं’, अशा धर्तीची. प्रत्येकाला १ ते ५ गुण, म्हणजे एकूण ८ ते ४०. तिची पहिली चाचणी झाली ती १३ ते २१ वयाच्या विद्यार्थ्यांवर.

प्रश्नावली सुटसुटीत आहे, म्हणूनच ती इतकी पसरली. पण ती मोजते तो माणसाचा स्वतःबद्दलचा विश्वास. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी सर्वसामान्य लोकांना प्रत्यक्ष इंटरनेटवर आरोग्याची माहिती शोधायला बसवलं, तेव्हा त्यांचे गुण आणि त्यांनी पार पाडलेली कामं यांचा मेळ बसला नाही. हा अभ्यास २०११ सालचा. या संशोधकांपैकीच काहींनी २०१७ मध्ये नवी प्रश्नावली केली आणि तिच्यात प्रत्यक्ष सोडवायचे सात प्रश्नही घातले. मला ही दिशा फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे तर आणखी एक पाऊल पुढे जावं लागेल, कारण इथे फोन नातवाच्या हातात असतो, दुखणं आजीचं असतं आणि दवाखान्यात न्यायचं की भगताकडे, हे ठरवणारा तिसराच कोणी असतो. मग गुण कोणाला द्यायचे? भीमाशंकरकडच्या डोंगरातल्या वाड्यांवर तर आधी रेंज शोधावी लागते.

नारायणगावात डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत अनेक वर्षं सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार करत आहेत, गावोगावी प्रबोधनही करत आहेत. सापाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. ती वेळेत मिळावी लागते. मण्यारीच्या रुग्णाला कधी कधी व्हेंटिलेटरही लागतो. दंशाच्या जागी चिरा देणं, आवळून बांधणं, तोंडाने विष ओढणं हे सगळं घातक आहे. तरी असे उपाय मोठ्या खात्रीने सांगितले जातात आणि ते खरे मानणाराही आठ विधानांना पाच-पाच गुण देऊन मोकळा होईल.

म्हणून इथल्या घरांना कामच द्यावं. ‘शेतात बाईला पान लागलं, म्हणजे साप चावला, आता काय कराल?’ असं विचारावं आणि फोन त्यांच्याच हातात ठेवावा. मराठीत काय टाइप केलं किंवा बोललं, पहिलं उत्तर तसंच मानलं की ते कोणी दिलंय हे पाहिलं, १०८ला फोन लावला का, जवळच्या दवाखान्यात लस आहे का हे आशाताईंना विचारायचं सुचलं का, हे शेजारी बसून टिपून घ्यावं. उपकेंद्राची नर्सताई हे करू शकेल. आणि एखादी आजी फोनला हात न लावता म्हणाली, ‘पाय हलवू देऊ नका, गाडी काढा, थेट सरकारी दवाखान्यात न्या,’ तर त्या उत्तराचेही गुण त्या घराच्या खात्यात मांडावेत.